चांगुणेचं आळं

फार फार पूर्वी, म्हातारे तेव्हाही असेच होते म्हणा, निवेघळ नावाच्या उतारावरच्या गावात एक रीत होती. पाऊस आला की प्रत्येकाने आपल्या अंगणातलं पाणी खालच्याच्या अंगणात लोटायचं. वरच्या आळीने तर दिमाखासाठी अंगणभर दगडी फरशा घातलेल्या, पाणी मुरायला मातीच ठेवली नव्हती. सगळ्यांत खाली चांगुणेचं घर. तिने कुणाकडे लोटायचं? मागल्या पावसात तिची भिंत भिजून नवऱ्यावर पडली. आता घरात ती, पाळण्यातली लेक आणि उरलेल्या भिंती.

चांगुणेने कुदळ घेतली आणि दारासमोर आळं खणलं, बैल बसेल एवढं. खाली खडी, वर वाळू नि शेणखत. कडेने वाळा लावला, मधे कर्दळ आणि अळू. न्हाणीच्या पाण्यावर अळू-कर्दळ माजते, मग पावसाच्या पाण्यावर का नाही?

पण दारात खड्डा म्हणजे अपशकुन! वरच्या आळीचे कारभारी दाजीबा काठी आपटत आले.

"कुणाला पुरायचंय गं?"

"तुमचं पाणी, दाजीबा. तुम्ही सोडत राहा, मी पुरते."

त्या पावसात आळं असं प्यायलं की कर्दळीची मुळं पाताळाला लागली, असं म्हणतात. ढग फुटला तरी तिच्या दारातली रांगोळी पुसली नाही, असं म्हणतात.

मग गावाला शहाणपण सुचलं. आपापल्या दारात आळं खणायचं? छे! फरशी कोण उचकटणार? सगळ्यांनी आपले चर तिच्याच आळ्याकडे वळवले. "पितंय ना? मग पिऊ दे की!"

पुढच्या श्रावणात आभाळ कोसळलं. आळं तुडुंब भरलं. लेकीला माळ्यावर ठेवून चांगुणा काठाला माती चढवायला उतरली. "चर बंद करा रे तुमचे!" ती ओरडत राहिली. वर सगळी दारं लागलेली.

पाऊस ओसरला तेव्हा भिंती उभ्या होत्या, लेक माळ्यावर खेळत होती, चांगुणा नव्हती. आळ्यात माणसाएवढी कर्दळ उभी होती, लालभडक. चांगुणा वाहून गेली नाही, देवी झाली, असं म्हणतात. म्हणणारे सगळे वरच्या आळीचे. लेकीला कुणी वाढवलं, ते मात्र कुणीच म्हणत नाही.

आजही पावसाच्या तोंडावर गाव तिची ओटी भरतं. आळं कधीच बुजवलं. त्यावर सिमेंटचा चौथरा, चौथऱ्यावर फरशी, फरशीवर देऊळ. पाणी अजून तसंच खाली लोटतात. आषाढात ते देवळात शिरतं, देवीच्या गुडघ्यापर्यंत चढतं. तेव्हा म्हातारे हात जोडतात आणि म्हणतात, आई न्हायला बसली.