शेठच्या मांडवातली हळद

आमच्या रंगाच्या कारखान्यात पिवळी भुकटी बनती. ती चाळून चाळून आमच्या तुळशीरामला लघवीच्या पिशवीचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणला, भुकटीनंच केलं. मग आम्ही समदे हातमोजे अन् मास्क मागाय गेलो, तर आमचा मालक रायकर शेठ माझ्याकडं बघून हसला.

"अरे म्हाताऱ्या, हळद समज की तिला! हळदीला कोण भितं?"

आठ दिसांनी शेठच्याच पोरीची हळद निघाली. मी ताट भरून मांडवात गेलो अन् समद्या पाव्हण्यांपुढं म्हणलं, "शेठ, तुमच्याच कारखान्यातली हळद आणलीया. लावा पोरीला!"

शेठ टुणकन उठून पोरीच्या आडवा आला. "लांब ने ते! कॅन्सर करतोस व्हय माझ्या पोरीला?"

"आँ? आमच्यासाठी तर हळदच हुती की, मालक!"

नवरदेवाचा बाप शेठकडं टकामका बघाय लागला. शेठ खाली मान घालून म्हणला, "सोमवारी मिळतील समद्यांना हातमोजे अन् मास्क."

मिळाले बी.

आता ताटातलं सांगतो. ती आमच्या हिनं घरी कांडलेली खरी हळद हुती. पोरीच्या अंगाला इख लावाय मी काय शेठ हाय व्हय?