हत्ती रुतला त्या साली

“हत्ती रुतला त्याच्या दुसऱ्या दिवशी!” भागू सुईणीनं भर दरबारात ठणकावून सांगितलं.

जन्माच्या नोंदीसाठी विचारलं होतं इतकंच, की तेल्याचा नातू जन्मला कधी. पण उत्तर ऐकताच राजा रणधवलाच्या मिशा थरथरल्या.

“कोणता हत्ती?”

“अहो, तुमचाच की! गादीवर बसलात त्या दिवशी मिरवणुकीत नदीच्या चिखलात रुतला, अन् तुम्ही शेपटीकडून घसरत धप्पदिशी खाली! सगळा मुलूख त्यावरूनच मोजतो.”

भागूच्या मागे तिची सून राही उभी होती. तिनं डोळे गच्च मिटले.

संतापायला राजाला कारण होतं. महिन्यापूर्वीच त्यानं सगळ्या काळाची वाटणी करून टाकली होती. पणजोबांपर्यंतचं सगळं ‘अंधारयुग’, आजोबा आणि वडिलांचं ‘पहाटयुग’, आणि आपण गादीवर बसलो त्या दिवसापासून ‘सुवर्णयुग’! नावं वाचस्पतिशास्त्र्यांनी काढली, दवंडी पिटली, वेशीत दगड रोवला. आणि लोक मोजतायत काय, तर हत्ती!

“म्हातारीला हद्दपार करा!” राजा गरजला.

राही टुणकन उडाली. ती मुळातच भित्री. ताटली पडली तरी दचकायची. पण दचकली की तिची जीभ तिच्या आधी धावायची!

“महाराज, आत्याबाईंना घालवून हत्ती थोडाच जाईल? तो तर घरोघरी बसलाय!”

“मग तू काढ त्याला बाहेर!” राजानं बोट रोखलं. “पंधरा दिवस देतो. शिपाई मिळणार नाही, चाबूक मिळणार नाही. लोकांनी आपखुशीनं माझ्या नावानं काळ मोजला पाहिजे. एकाच्याही तोंडून हत्ती निघाला, तर सासू-सून दोघी हद्दीबाहेर!”

वाटेत भागूनं कपाळावर हात मारला. “अगं भवाने, हत्ती केवढा, तू केवढी!”

“मी कुठं बोलले, आत्याबाई? तोंडातून निघून गेलं!”

दुसऱ्या दिवशी राही बाजारात गेली आणि तेलिणीला पढवू लागली, “मावशी, नातू कधी झाला विचारलं, तर सुवर्णयुगात म्हणायचं हं.”

“बरं. आणि माझं छप्पर उडालं ते?”

“तेही सुवर्णयुगातच.”

“आणि रेडकू मेलं?”

“...सुवर्णयुगातच.”

“अगं बाई, मग आधी नातू झाला का आधी रेडकू मेलं, ते कळायचं कसं?”

राही डोकं खाजवत निघाली. पण घरी येईस्तोवर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ती तडक वाड्यावर गेली. “महाराज, तुमची आमराई एक दिवस सगळ्यांना उघडा. आणि आंबे तुम्ही वाटा, स्वतःच्या हातानं. म्हणजे लोक तुमचं नाव घेतील.”

त्या आमराईत राजाखेरीज कधी खारसुद्धा निवांत जेवली नव्हती! राजानं खूप आढेवेढे घेतले. पण सुवर्णयुगावर भाषण करता येईल, एवढ्या आशेवर कबूल झाला.

भाषण कुणी ऐकलंच नाही. राजा मात्र सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत आंबे वाटत राहिला. बाह्या कोपरापर्यंत वर, मिशांना रस, आणि एका आजीबाईनं तर त्याला हटकलंसुद्धा, “कच्चा नको रे बाबा, जरा चाचपून दे!”

पंधरावा दिवस उजाडला. राजानं रस्त्यावरून दोघांना पकडून आणवलं. एक कुंभारीण आणि एक म्हातारा धनगर.

“तुझी भट्टी ढासळली म्हणे. कधी?”

“राजानं आंबे वाटले, त्याच्या चौथ्या दिवशी,” कुंभारीण म्हणाली.

“आणि मेंढी कधी व्यायली रे?”

“राजाच्या आंब्यांच्या आदल्या सांजेला, सरकार!”

वाचस्पतिशास्त्री आनंदानं ओरडले, “हरली! सुवर्णयुग कुणीच म्हटलं नाही!”

राही दचकली. झालं, जीभ सुटली! “पण हत्तीही कुणी म्हटला नाही, शास्त्रीबुवा! आणि महाराज म्हणाले होते, माझ्या नावानं. सुवर्णयुगात राजा आहे कुठं? आंब्यांत तर बाह्या वर करून उभा आहे! बरं, महाराजांच्या आजोबांनी आपल्या काळाला काय नाव ठेवलं होतं?”

शास्त्री खाकरले. “अं... ‘प्रतापयुग’.”

“मग त्याचं पहाटयुग कुणी केलं?”

शास्त्र्यांनी राजाकडे पाहिलं. राजानं छताकडे पाहिलं.

“नातवानं!” राही म्हणाली. “आता महाराजांचा नातू सुवर्णयुगाचं काय करील, कुणास ठाऊक! पितळयुग केलं तर?”

“प्रतापयुग ठाऊक आहे का रे तुला?” राजानं धनगराला चाचरत विचारलं.

“न्हाई बा. पण थोरल्या राजानं, तुमच्या आज्यानं, बारव बांधली त्या साली माझा बाप जन्मला. पाणी अजून गोड हाय तिचं!”

राजानं मिशीवरून हात फिरवला. मग त्याचं पोट हललं, मिशा हलल्या, आणि तो खो खो हसत सुटला.

“शाबास पोरी! भागूबाईची हद्दपारी रद्द! यापुढे राज्यातले जन्म ती सांगेल तसेच लिहायचे. आणि आमराई मी आता दर वर्षी उघडणार!”

“अगं बाई, नको!” राही किंचाळलीच.

“का गं?”

“दर वर्षी आंबे वाटलेत तर साल ओळखायचं कसं, महाराज? दर वर्षी काहीतरी नवीन करा!”

राजाला हसता हसता ठसका लागला. डोळे पुसत त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून राहीच्या ओंजळीत टाकलं, आणि वळून म्हणाला, “शास्त्रीबुवा, युगं राहू द्या. पुढच्या साली काय करायचं, ते सुचवा!”