निवेल तेव्हा उघडेल

एका राज्यात मेघवर्मा नावाचा राजा होता. राजा न्यायी, पण राग सदा नाकावर. एकदा भरदरबारी त्याने कालकेतू मांत्रिकाला आसनावरून उठवले. जाताना मांत्रिक म्हणाला, "तुझा पुत्र अग्निगिरीच्या पोटी गेला. निवेल तेव्हा उघडेल."

राजपुत्राचे आसन रिकामे झाले. तिकडे डोंगर फुटून वितळल्या दगडाचा रस वाहू लागला.

"निववा! पाणी ओता!" राजा ओरडला. हजार घागरी ओतल्या. रसाची काळी काच झाली नि तडकली. आत कोणी नव्हते. राजा ओक्साबोक्शी रडला.

तेव्हा मांत्रिकाची साळुंकी येऊन बोलली, "तीन दगड ओळखील, त्याला वाट दाखवीन. चुकेल तो दगड होईल."

पंडित मागे सरले. म्हातारी सोनाई पाथरवटीण पुढे आली.

साळुंकीने काळी काच ठेवली. "हा एकाएकी निवला," सोनाई म्हणाली. "दाणा धरायला उसंत मिळाली नाही."

मग भोकाभोकांचा काळा दगड. "हा उघड्यावर निवला. भोके कोंडल्या वाफेची. मागाहून पाणी झिरपले, त्याचे हे पांढरे स्फटिक."

तिसरा गुलाबी, टपोऱ्या दाण्यांचा. "हा खोल भुईत निवला. रस जितका सावकाश निवेल, तितका दाणा मोठा. याला युगे लागली."

साळुंकी राजाला नि सोनाईला डोंगराच्या पोटात घेऊन गेली. वाट गुलाबी खडकापाशी संपली. पाथरवट घाव घालण्याआधी नाद ऐकतात. सोनाईने हातोडी टेकवली. खडक बद्द वाजला. "पोकळ आहे. आत जीव आहे."

"फोडा!" राजाने घण उचलला. खडक लालबुंद झाला.

"घण ठेवा, महाराज. तुम्ही तापता तसा हा तापतो. मांत्रिक दगडाच्या निवण्याचे बोललाच नव्हता."

राजाने घण ठेवला. कालकेतूचे आसन सन्मानाने मांडण्याची आज्ञा धाडली आणि खडकासमोर बसला. राग येई, खडक लाल होई. अशी सात वर्षे गेली. सोनाई वारली, राजाचे केस पिकले.

एके दिवशी वाढप्याच्या हातून कढत पेज राजाच्या पायावर सांडली. वाढप्याने हात जोडले.

राजा म्हणाला, "तुला भाजले नाही ना?"

खडक उघडला. राजपुत्र बाहेर आला, गेला होता तेवढ्याच वयाचा. पित्याचे पांढरे केस पाहून तो घाबरला.

"तात, फार उशीर झाला का?"

"नाही," राजा म्हणाला. "बैस. पेज निवते आहे."