पाणदरवाज्यातला पहिला घोट

नदीकडच्या तटात ही कमान उभी आहे ना, तो निंबारीच्या कोटाचा पाणदरवाजा. बाकी कोट ढासळला. अर्धे दगड गावातल्या घरांत गेले, आमच्याही घरात गेले. आम्ही इथल्या किल्लेदाराचे वंशज. ही कथा आमच्या घरात एक सांगतात आणि कोळीवाड्यात दुसरी. मी कोळीवाड्यातली सांगतो, कारण घरच्यांवर माझा तेवढा भरवसा नाही.

किल्लेदार हैबतराव भारी संशयी होता, असे सांगतात. कोटात पाणी भरायची हिराई कोळीण. प्रत्येक घागरीतला पहिला घोट तिने त्याच्या डोळ्यांदेखत प्यायचा, मगच घागर आत, असा त्याचा नेम होता. वीस वर्षे तिने तो मुकाट्याने पाळला.

मग एका उन्हाळ्यात कोटाला वेढा पडला. नदी आटून कमानीपुढे एक डोह तेवढा उरला. एके सकाळी हिराईने घागर आणून ठेवली, पण घोट घेईना.

"डोहात मासं उताणं पडल्याती, सरकार. पान्यात इख हाय. कुनी पिऊ नगा."

उन्हाळ्यात मासे मरायचेच, असे म्हणून हैबतरावाने ते उडवून लावले. त्याच्या मते बाई फितली होती. कोट तहानेने शरण जावा म्हणून वैऱ्याने तिला पढवले, आणि तिने घोट नाकारला हाच त्याला पुरावा वाटला. त्याने पाणी वाटून टाकायचा हुकूम दिला. तहानेने कासावीस झालेली माणसे भांडी घेऊन पुढे सरसावली.

"थांबा," हिराई म्हणाली. "पयला घोट माझा हाय."

तिने घागर तोंडाला लावली. दुपारपर्यंत ती इथेच, या पायरीवर गेली. ती तडफडत होती तेव्हाही हैबतराव म्हणे सांगत होता, की हे सोंग आहे. पण त्या पाण्याला कुणी शिवले नाही. लोकांनीच मोठा दरवाजा उघडून दिला आणि सगळ्यांचे जीव वाचले. त्याचाही वाचला.

आमच्या घरचे म्हणतात, विष तिनेच कालवले होते. आपणच कालवलेले कोण पिईल, असे मी लहानपणी विचारले, तर उत्तराऐवजी मार मिळाला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आजही चैत्रात, ती गेली त्या दिवशी, कोळीवाड्यातली एक बाई डोहाची घागर भरून इथे आणते. पहिला घोट किल्लेदाराच्या घराने घ्यायचा. गेली तीस वर्षे तो मी घेतो. बाई घोट घशाखाली उतरेपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहते. आणि खोटे कशाला सांगू, दरवर्षी मला भीती वाटते.