मुराळी निघाला आतल्या रस्त्यानं

बोरगेवाडीत एक भोळा मुराळी राहायचा. नाव सुबराव. बहिणीला सणासाठी सासरहून आणायला जो जातो त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. तेवढं एक काम सोडलं तर सुबराव वर्षभर नुसता भोळाच असायचा.

भोळा म्हणजे किती? एकदा आई म्हणाली, मी शेजारी जाऊन येते, चुलीवरच्या भाताकडं बघ. आई परत आली तर घरभर धूर, आणि सुबराव चुलीसमोर मांडी घालून बसलेला. भात उकळला, आटला, करपला, ते सगळं त्यानं नीट बघितलं होतं. एकदाही नजर हलवली नव्हती. सांगितलेलं काम तो असं मन लावून करायचा.

त्याची पाठची बहीण शालन. सारं गाव सुबरावावर खेकसायचं, शालन कधी खेकसली नाही. त्यामुळं त्याचा तिच्यावर भारी जीव. तिचं लग्न होऊन ती डोंगरापल्याड तांबळघाटला गेली. पहिला दिवाळसण झाला, आणि पुढच्या दोन दिवाळ्या सासूनं तिला पाठवलंच नाही. सासू गजराबाई मोठी कडक बाई. यंदा तिनं निरोप धाडला: वसुबारसेला दिवस मावळायच्या आत मुराळी दारात उभा राहिला तर शालन येईल. दिवस मावळला, की ती इथंच चकल्या तळेल.

आईनं सुबरावाला समोर बसवलं. चुलत्याची जुनी स्कूटर मागून आणलेली होती. आई म्हणाली, "हमरस्त्यानं जाऊ नकोस. तिथं ट्रक अंगावर येतात. आतल्या रस्त्यानं जा. आणि एक ध्यानात ठेव. मागची सीट मोकळी घेऊन आलास तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

सुबरावानं मान हलवली. सीट मोकळी आणायची नाही.

मग प्रवासाची आखणी सुरू झाली. ती अर्थातच देवळाच्या कट्ट्यावर झाली. तांबळघाट कुणीही बघितलेलं नव्हतं, त्यामुळं रस्ता सगळ्यांनाच पाठ होता. एकजण म्हणाला धरणावरून जा, दुसरा म्हणाला धरणाखालून जा. निवृत्त कंडक्टर म्हणाले की दोघंही गाढव आहेत, आणि हरभऱ्याचं एक फोलपट उडवून त्यांनी हवेची दिशा बघितली. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. शेवटी त्यांनी काडी घेतली आणि धुळीत सगळा नकाशा काढला. नदी, खिंड, तीन फाटे, शेवटी तांबळघाट. म्हणाले, "हा नकाशा नीट बरोबर घेऊन जा. कुठं अडणार नाहीस."

सुबराव घरी गेला, डालड्याचा रिकामा डबा घेऊन आला आणि सगळी धूळ हातानं गोळा करून डब्यात भरली. नदीचा तुकडा राहिला होता तोही खरवडून घेतला.

मेकॅनिक म्हणाला, लांबचा पल्ला आहे, लागेल तेवढंच ओझं घे. सुबरावानं जादाचं चाक उतरवून घरी ठेवलं. पंक्चर झाली की येऊन घेऊन जाईन म्हणाला. चुलता म्हणाला, गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही. त्यानं फोन आईच्या उशाला ठेवला. अशी सगळी तयारी करून वसुबारसेला सकाळी मुराळी निघाला.

डोंगराच्या पायथ्याला पहिला फाटा आला. सुबरावानं स्कूटर लावली, डबा काढला आणि नकाशा रस्त्यावर ओतला. बघतो तर काय, नदी खिंडीत गेलेली आणि तिन्ही फाटे एकमेकांत मिसळलेले. तांबळघाट कुठं सापडेना. तेवढ्यात सायकलवरून एक बांगडीवाला आला. त्याला रस्ता विचारला. तो म्हणाला, "बाबा, मी परगावचा. रस्ता विचारायचा तर गावातल्या जुन्या माणसाला विचारावा."

सुबरावाला पटलं. जुन्या माणसाला विचारायचं.

पुढच्या गावात शिरून त्यानं दारोदार चौकशी केली, की इथं सगळ्यांत जुनं माणूस कुठलं. लोकांनी एका घराकडं बोट दाखवलं. ओसरीत एक म्हातारा बाजेवर पडून होता. इतका म्हातारा की त्याला त्याचा नातू आबा म्हणायचा आणि त्या नातवालाही सगळे आबाच म्हणायचे. आपल्याला कुणी काही विचारतंय याचा त्याला केवढा आनंद झाला. उठून बसला. पाटलाच्या आमराईतून खाली उतर, म्हणाला, मारुतीच्या देवळाला वळसा घाल, ओढ्याकाठानं सरळ जा, रस्ता लोण्यासारखा आहे.

सुबराव आमराई शोधत उताराला लागला. आमराई काही दिसेना, पण उतार होता तसाच गेला आणि सरळ पाण्यात शिरला. स्कूटर सीटपर्यंत बुडाली. होडीतल्या मासेमारानं दोर टाकून आधी सुबरावाला आणि मग स्कूटरला ओढून काढलं.

"एवढा म्हातारा माणूस खोटं कसं बोलला?" सुबरावानं विचारलं.

"खोटं कुठं बोलला? रस्ता आहेच की. तो काय, खाली आहे. देऊळ पण आहे. धरण झालं तेव्हा सगळं पाण्यात गेलं, एवढंच." मग त्यालाही शिकवण द्यायचा मोह आवरेना. असल्या ऐकीव रस्त्यानं जाऊ नये, म्हणाला. पुढं चाललेली गाडी डोळ्यांनी बघावी आणि तिच्या मागं मागं जावं. गाडी जाते तिथं रस्ता असतोच.

हेही पटलं. गाडीच्या मागं जायचं.

स्कूटर उन्हात वाळवली. ती खोकत खोकत सुरू झाली. वर येतो तर समोरून उसाचा ट्रॅक्टर चाललेला, मागं दोन ट्रॉल्या. सुबराव त्याच्या मागं लागला. ट्रॅक्टर वळला की हा वळायचा. ट्रॅक्टरवाला लघवीला थांबला, तर हाही उतरला आणि शेजारी जाऊन उभा राहिला. असं करत करत दोघं साखर कारखान्याच्या फाटकातून आत गेले आणि रांगेत लागले. पुढं ट्रॅक्टर, मागं बैलगाड्या, मधे मुराळी. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. ऊन कलायला लागलं. शालन दारात उभी असेल, या विचारानं त्याला रडू यायला लागलं. पण रांग सोडावी असं काही कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी त्याची स्कूटर काट्यावर चढली. काट्यावरच्या क्लार्कनं वजन घेतलं, पावती फाडायला पेन उघडलं आणि मग मान वर केली.

"ऊस कुठाय?"

"ऊस नाही. मी मुराळी आहे."

क्लार्कनं कपाळाला हात लावला. मागचे बैलगाडीवाले बोंबलायला लागले. क्लार्क म्हणाला, अरे भल्या माणसा, कुणाच्याही मागं लागण्याआधी विचारावं की बाबा, कोण आहेस, कुठं चाललास. नुसतंच मागं लागून काय उपयोग? या राज्यात निम्मी माणसं तेच करतात आणि रांगेत मरतात.

बरोबर आहे, सुबराव म्हणाला. आधी विचारायचं.

तांबळघाट आता जवळच होतं. पण मधल्या गावात मिरवणूक आडवी आली. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता, आणि फुलांनी मढवलेल्या जीपमधे एक गृहस्थ गळ्यात कानापर्यंत हार घालून उभे होते. सुबराव उतरला, थेट जीपला भिडला आणि विचारलं की कोण तुम्ही, कुठं चाललात.

हलगी थांबली. एकजण म्हणाला, सरपंचांची मिरवणूक आहे, दिसत नाही का?

सुबरावानं गृहस्थांना हात जोडले. "सरपंच, नमस्कार."

"सरपंच मी नाही. सरपंच आमच्या सूनबाई. जागा बायकांची होती ना."

"मग त्या कुठायत?"

सगळ्यांनी मागं बघितलं. जीपच्या मागं, धुराळ्यात, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आरतीचं ताट धरून चालत होती. सुबराव चांगल्या मनानं म्हणाला, अहो, मग त्यांना जीपमधे बसवा की, निवडून त्या आल्यात. त्या बाईनं तेवढ्यापुरतं पदराआडून वर बघितलं. गृहस्थांचा चेहरा मात्र गुलालापेक्षा लाल झाला. ते वाकून म्हणाले, "पोरा, तुला घरात काही शिकवलंय की नाही? मोठं माणूस असताना सुनेला गाडीत बसवतात होय? मान आधी मोठ्यांचा. सुनेचा नंबर सगळ्यांत शेवटी. कुठंही गेलास तरी हे विसरू नकोस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुबरावानंही वाजवल्या, आणि पुढं सगळा रस्ताभर तो घोकत गेला. मान आधी मोठ्यांचा. सुनेचा नंबर शेवटी.

दिवसभरात एवढं शिक्षण झाल्यावर माणूस चुकेल कसा?

तांबळघाटला पोचला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. गजराबाई ओट्यावर उभी राहून सूर्याकडंच बघत होती. स्कूटरचा आवाज आला आणि तिचं तोंड उतरलं. शालनची पिशवी तीन दिवसांपासून भरून ठेवलेली होती. भावाला बघून ती आतल्या आत इतकी हरखली की हातातला तांब्या कुठं ठेवावा हे तिला सुचेना.

सकाळी चहा झाला. शालन नवं लुगडं नेसून, सासूच्या पाया पडून अंगणात आली. सुबरावानं स्कूटर सुरू केली, मागची सीट रुमालानं पुसली आणि गजराबाईला म्हणाला, "मावशी, बसा."

"मी कशाला बसू?"

"तुम्हाला न्यायला आलोय. माहेरपणाला."

शालन हसली. तिला वाटलं दादा गंमत करतोय. मग तिनं त्याचं तोंड बघितलं आणि तिचं हसू विझलं. दादानं उभ्या आयुष्यात गंमत केलेली नव्हती. दादा, अरे, मला न्यायचंय, असं ती हळूच म्हणाली. सुबरावानं तिची समजूत घातली की घरात मोठं माणूस आहे, सीट एकच आहे, तुझा नंबर मागनं आहे. शालनच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

गजराबाई त्याला चार शब्द सुनवायला पुढं आली होती. पण स्कूटरपाशी येऊन थबकली. तिचा भाऊ जाऊन किती वर्षं झाली, आणि तेव्हापासून तिच्या दारात मुराळी म्हणून कुणी उभं राहिलं नव्हतं. दर दिवाळीला ती दुसऱ्यांच्या मुराळ्यांना चहा करून द्यायची. तिनं पुसलेल्या सीटकडं बघितलं, नाक ओढलं आणि आत गेली. बाहेर आली ती इरकल नेसून, नथ घालून. तिचा मुलगा आनंदा, म्हणजे सुबरावाचे दाजी, यांनी आईची वळकटी इतक्या चपळाईनं आणून बांधली की शेजारीपाजारी बघत राहिले.

बोरगेवाडीत आई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यावर उभी होती. स्कूटर थांबली. मागनं विहीणबाई उतरल्या.

"शालन कुठाय?" आईनं विचारलं.

"मागनं येतेय."

"मागनं कशानं?"

"नंबरानं. पण सीट मोकळी आणली नाही बघ."

दारात आलेल्या विहिणीसमोर आईला ना रडता येईना, ना सुबरावाला बडवता येईना. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पाट मांडला. गजराबाई पाय लांब करून बसल्या. चिवड्याला मीठ कमी आहे म्हणाल्या आणि ताटभर खाल्ला. रात्री त्यांनी डोक्याला तेल लावून घेतलं. किती वर्षांनी कुणी डोक्याला तेल लावतंय, म्हणाल्या आणि तिथंच झोपल्या.

सकाळी आईनं सुबरावाला घरामागं परड्यात नेलं आणि दबक्या आवाजात दम दिला की ताबडतोब परत जा, राहिलेलं माणूस घेऊन ये. सुबराव गेला. आता वाट पाठ झाली होती. फक्त तो प्रत्येक वेळी कारखान्याच्या काट्यावरून जायचा, कारण रस्ता तिकडूनच होता असं त्याला माहीत होतं. क्लार्क आता त्याचं वजन न विचारताच लिहायचा.

तांबळघाटला जाऊन सुबराव विचारात पडला. राहिलेली माणसं दोन होती. त्यानं दाजींना वय विचारलं, शालनला विचारलं आणि हिशोब लागला. शालन यावेळी रडली नाही. उलट नवऱ्याची पिशवी तिनंच भरून दिली, आणि वरनं टोपीही आणून हातात ठेवली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्कूटर दारात आली. आई पणत्या लावत होती. मागच्या सीटवरून जावई उतरले. आई तिथंच पायरीवर बसली.

"आता एकटी शालनच राहिली," सुबराव तिला धीर देत म्हणाला. "आता काही चुकायचं नाही. आता तिचाच नंबर."

तेवढ्यात आतून फोन वाजला. शालन होती. लेकीचा आवाज ऐकला आणि आईचा बांध फुटला. पोरी, तुझी कशी गं ही दिवाळी, एवढ्या मोठ्या घरात एकटी, म्हणून ती रडायलाच लागली. रडू नकोस, तुझा भाऊ उद्या उजाडतच निघतोय, भाऊबीजेला तू इथं असशील, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं.

पलीकडं शालननं जांभई दिली. लांबलचक, आवाज करत, सासरी आल्यापासून पहिल्यांदा.

"आई," ती म्हणाली, "आज दादा आणि हे पहाटेच निघाले, मग मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. चुलीपाशी गेलेच नाही, शिळी भाकरी दह्याबरोबर खाल्ली आणि परत झोपले. दादाला म्हणावं, घाई करू नको. हमरस्त्याला ट्रक असतात. आतल्या रस्त्यानंच ये."