बुधीआयचा वाफारा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटातून आगगाडी अजून वर चढली नव्हती आणि निगडवाडीत घड्याळ कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तेव्हाची. डोंगराच्या कुशीत ठाकरांची एवढीशी वाडी. वाडीच्या वरच्या अंगाला निर्गुडीची दाट झाडी आणि त्या झाडीत बुधीआयची खोप.

खोप म्हणजे काय, तर बांबूच्या कामट्या वाकवून केलेली, शेणामातीनं लिंपलेली घुमटी. दार इतकं बुटकं, की पाटील आला तरी त्याला रांगतच आत जावं लागे. दगड बाहेर तापवायचे, आतल्या खड्ड्यात ठेवायचे, दाराला घोंगडी लावायची आणि काळोखात त्या दगडांवर निर्गुडीचं पाणी शिंपडायचं. दगड चर्रकन बोलायचा. मग ज्याच्या मनात काही असेल त्यानं बोलायचं. "दगडाच्या आधी कुणी तोंडची वाफ दवडायची नाय," असा बुधीआयचा दंडक होता. म्हातारी बोलायला भारी तिखट, पण तिच्या वाफाऱ्यातून माणूस हलका होऊन बाहेर येई, असं म्हणतात.

मग घाटात आगगाडीचा बोगदा खणायला सुरुवात झाली. मजूर गोळा करणारी माणसं वाडीपर्यंत आली. येसू नावाच्या विधवेचे दोन लेक, थोरला गोमा आणि धाकटा हिरू, कामावर गेले. तिथे सगळा कारभार घंटेवर. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की सुरुंगापासून लांब पळायचं. भूक कधी लागावी हेसुद्धा घंटा सांगे. गोमाच्या हातावर घण बसून त्याची करंगळी गेली, तरी दुसऱ्या घंटेला तो कामावर हजर होता.

एके दिवशी घंटेच्या आधीच सुरुंग उडाला. हिरू बोगद्याच्या तोंडाशी होता, गोमा आत. धुळीतून हाक आली, "हिरू, मी आत हाय रं!" हिरूचं मन हाकेकडे वळलं, पण पाय बाहेर पळाले. मागोमाग डोंगर खाली आला. गोमा कोणाला सापडला नाही.

हिरू घरी परतला तो मुका होऊनच. गाईच्या गळ्यातली घंटा किणकिणली तरी हातातला घास टाकून उभा राही. काळोखाला इतका भ्यायचा, की दिवस मावळला की अंगणात जाळ करून त्याच्यापाशी बसे. भर उन्हातही त्याच्या अंगाला घाम फुटत नसे. जे होतं ते सगळं आतच कोंडलेलं. अंगावर मूठभर मांस उरलं नाही. एका लेकाला डोंगरानं गिळलं आणि दुसरा डोळ्यांदेखत विझत चाललेला. येसूला ते बघवेना. ती बुधीआयकडे गेली.

बुधीआयनं दगड तापवले. हिरूला कसंबसं दारापर्यंत आणलं. त्यानं ते बुटकं दार पाहिलं, आतला काळोख पाहिला आणि तो आल्या पावली निर्गुडीच्या झाडीत पळाला. आता हे पोर काही हाती लागत नाही, असं वाडीचं म्हणणं पडलं. बुधीआय मात्र पदर खोचून स्वतःच आत शिरली.

"येसू, दगड देत ऱ्हा," ती आतून म्हणाली. "पोरगं आत येवोस्तवर मी काय भायेर येत नाय."

येसू दगड देत राहिली. दुपार टळली. खोपीतून इतकी वाफ निघाली, की ऐन उन्हाळ्यात साऱ्या वाडीवर धुकं दाटलं आणि रानातली गुरं वाट चुकली, असं म्हणतात. "आय, मरशील गं!" असं म्हणत येसू रडकुंडीला आली. हिरू झाडीआडून सारं बघत होता.

डोंगरावरून आणलेले दगड संपले, तेव्हा घाईत येसूनं ओढ्यातला गोटा उचलून जाळात टाकला. पाणी प्यालेला गोटा तो, तापून खोपीत जाताच फुटला. आवाज थेट सुरुंगासारखा. आणि पाठोपाठ म्हातारीची बारीक हाक आली, "हिरू, मी आत हाय रं!"

हे शब्द तिला कोणी सांगितले, देव जाणे. हिरू तर मुका होता.

हिरूचे पाय पुन्हा उलटे वळले. पण या खेपेला त्यानं पायांचं ऐकलंच नाही. तो हातांवर पडला आणि रांगत आत गेला.

आत वाफेनं डोळे उघडेनात. चाचपडताना एक हात लागला, म्हातारा, वाळलेला. तो त्यानं घट्ट धरला. तेवढ्यात दुसऱ्या हातात आणखी एक हात आला. रुंद, घट्टे पडलेला, करंगळी नसलेला. पाणी पडलं, दगड चर्रकन बोलला आणि मग हिरू बोलला.

"दादा, मी पळालो."

त्या हातानं त्याचा हात दाबला. लहानपणी चढणीवर गोमा दाबायचा तसाच, असं म्हणतात.

हिरू दोघांना ओढत बाहेर आला. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. एका हातात बुधीआय होती, तांबडीलाल झालेली आणि "आधी पाणी दे, मंग रड," म्हणून येसूवर खेकसणारी. दुसरा हात रिकामा होता, नुसता वाफेनं ओला. येसू तो पदरानं पुसायला गेली.

"नको, आय," हिरू म्हणाला. "आपसूक सुकू दे."

बुधीआय पुढे कधी गेली, ते सांगता येत नाही. एका सकाळी ती खोपीत शिरली आणि तिची वाफ झाली, असं म्हणतात. निगडवाडीत तिची समाधी नाही.

आता घाटातून गाड्या धडधडत जातात. वाडीची पोरं शहरात पाळ्यांमध्ये कामं करतात आणि मोबाईलच्या गजरावर उठतात. तालुक्याच्या गावी एक मोठं हॉटेल झालंय. तिथल्या काचेच्या खोलीत बटण दाबलं की वाफ येते. पोरं तिथेही जाऊन आली आहेत. घाम येतो, त्यात खोटं काही नाही. पण आतून कोणी हाक मारत नाही, असं ती सांगतात.

म्हणून बाहेरगावाहून परतलेलं माणूस घराआधी खोपीशी जातं. मोबाईल बाहेरच्या दगडावर ठेवतं. घरचं कोणीतरी आधीच आत जाऊन बसलेलं असतं. ते हाक मारतं, "मी आत हाय रं!" मग परतलेलं माणूस रांगत आत जातं आणि येताना घरच्या माणसाचा हात धरून त्याला बाहेर आणतं. दुसरा हात ते मागे, काळोखात पसरून ठेवतं. तो ओला हात निगडवाडीत अजूनही कोणी पुसत नाही.