स्टुलावर मावणारा कीबोर्ड

एकदा टायपिंग शिकवणाऱ्या एका वृद्ध मास्तरांकडे त्यांचा जुना शिष्य आला. तो घरी बसून भाषांतराचे काम करी. घरात तो आणि आई, दोघेच. आईची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती.

शिष्य म्हणाला, "मास्तर, मुळीच आवाज न करणारा कीबोर्ड निवडून द्या. माझ्या खडखडाटाने आईची झोप मोडते, म्हणून मी आतल्या खोलीत दार लावून बसतो. तरी ती सारखी हाक मारते, 'आहेस का रे?' परवा मला ओ द्यायला उशीर झाला. शोधत उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडले नाही, एवढेच."

"झोप मोडते असे ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवे? मला कळते."

मास्तर त्याच्या घरी गेले. शिष्य आत कामाला बसला. मास्तर तासभर आईजवळ बसले. निघताना त्यांनी तिच्या खाटेशेजारचे स्टूल वितीने मोजले. दीड वीत भरले.

मग दोघे दुकानात गेले. दुकानदाराने चार-पाच कीबोर्ड मांडले. मास्तरांनी डोळे मिटून एकेकाची कळ दाबली. मऊ, मुके होते ते बाजूला सारले. शेवटी उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला, लहानसा मेकॅनिकल कीबोर्ड उचलला. त्याची कळ सुपारी कातरल्यासारखी वाजे.

दुकानदार हसला. "मास्तर, हा सगळ्यांत जास्त वाजतो. कमी ऐकू येतं का हल्ली?"

"माझे कान शाबूत आहेत. हाच बांध."

बाहेर येताच शिष्य म्हणाला, "मी मागितले काय आणि तुम्ही घेतले काय?"

मास्तर म्हणाले, "तू आत होतास तेव्हा तुझी आई बोलता बोलता दाराकडे कान लावत होती. पुसट खडखड आली की सैल व्हायची. थांबली की चादर मुठीत धरायची. डोळस आईला पोर दिसते. तुझ्या आईला तू फक्त ऐकू येतोस. तेवढेही तू काढून घ्यायला निघालास. मोठ्या कीबोर्डला टेबल लागते, ते आत आहे. हा स्टुलावर मावेल. भाषांतराला आकडे लागतात किती? तिच्या खाटेशी बस."

शिष्याने मास्तरांच्या हातातले खोके आपल्याकडे घेतले. मग म्हणाला, "मी तिला कधी विचारलेच नाही."

"आता विचार."

दुसऱ्या दिवशी त्याने संगणकाचा पडदा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कीबोर्ड स्टुलावर. दुपारभर काम चालले. एकदाही हाक आली नाही. मग एका अवघड शब्दाशी त्याची बोटे थांबली.

आई कुशीवर वळली. "दमलास का रे?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि पुढची कळ जरा जोरातच दाबली.